साखर, माळ आणि एक प्राध्यापक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या बारामती-इंदापूर भागात 'साखर' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक साखर कारखान्याच्या पोत्यातून बाहेर पडते, दुसरी रक्ताच्या तपासणीच्या कागदावर येते. पहिलीचं कौतुक नेते भाषणांतून करतात. दुसरीबद्दल माणसं हळू आवाजात बोलतात, आणि बोलतात तेव्हा त्यात थोडी शरमच असते. 'त्याला शुगर निघाली' असं आपण म्हणतो. जणू घरात चोरीचा माल निघाला! खाण्यावर ताबा नव्हता, गोडाची हाव होती, बसून खाल्लं, म्हणून झालं, असा निकाल शेजारीपाजारी देऊन मोकळे होतात.

मी कवितेचा माणूस, पदवी बी.ए.ची. शास्त्रावर बोलायचा माझा अधिकार तसा काही नाही. पण गेली काही वर्षं पुण्यातल्या एका जीवशास्त्राच्या प्राध्यापकाचं काम मी जमेल तसं वाचतो आहे आणि त्याविषयीच आज तुमच्याशी बोलावं असं वाटलं. त्यांचं नाव डॉ. मिलिंद वाटवे. मराठी वाचकांना ते 'आरण्यक' या पुस्तकामुळे ठाऊक असतील. त्यांनी दोन गोष्टींचा ध्यास घेतला. एक मधुमेह आणि दुसरी जंगलाकडेच्या शेतकऱ्याचं नुकसान. वरवर पाहता या दोहोंचा एकमेकींशी संबंध नाही. आमच्या दोन तालुक्यांत मात्र त्या एकाच बांधावर भेटतात.

आधी या भूमीविषयी सांगतो. बारामती आणि इंदापूर हा अवर्षणाचा पट्टा. पाऊस पाचशे मिलीमीटरच्या आसपास, तोही लहरी. मूळचा हा माळाचा, बाजरी-ज्वारीचा आणि मेंढरांचा मुलूख. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेचा डावा कालवा आला आणि कालव्याखालची जमीन हिरवी झाली. पुढं वालचंदनगर उभं राहिलं, सहकारी कारखाने आले. १९८० मध्ये उजनीचं धरण पूर्ण झालं आणि भीमेच्या काठचा इंदापूरही उसात शिरला. कालव्याच्या वर मात्र जुना माळ शिल्लक राहिला. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य, शिर्सुफळ, इंदापूरकडचं कडबनवाडी. तिथं अजून चिंकारा दिसतो, खोकड दिसतं, पहाटे नशीब असेल तर लांडगाही. मयूरेश्वर तर जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, १९९७ मध्ये जाहीर झालेलं. एका बऱ्यापैकी गावाच्या शिवारापेक्षाही लहान!

आता प्राध्यापकांकडे वळतो. वाटवे यांचं सुरुवातीचं संशोधन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत झालं. विषय होता जंगली प्राण्यांच्या पोटातले जंत. मुदुमलाईच्या जंगलात हत्ती, गवे, हरणं यांच्या लिदी-लेंड्या गोळा करून कोणत्या प्राण्यात किती आणि कोणते जंत सापडतात, आणि त्याचा त्या प्राण्याच्या राहणीशी काय संबंध, हे त्यांनी तपासलं. रमण सुकुमार यांच्याबरोबरचा त्यावरचा निबंध १९९५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. लिदीतून ज्ञान निघतं, ही गोष्ट एखाद्या शेतकऱ्याला चटकन पटेल. कवींना थोडा वेळ लागतो.

पुढं त्यांनी पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडं संशोधन म्हणजे मोठ्या संस्थेतलं, कोट्यवधींच्या यंत्रांवरचं, अशी समजूत आहे. कॉलेजच्या प्राध्यापकानं नोट्स सांगाव्यात, पेपर तपासावेत आणि निवृत्त व्हावं. वाटव्यांनी कॉलेजातल्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून प्रश्न विचारायला सुरुवात केली. प्रश्नही कसे? वेडा राघू घरट्याकडं जाताना शत्रू आपल्याला पाहू शकतो की नाही याचा अंदाज घेतो का? काही फुलं मधच ठेवत नाहीत, तरी फुलपाखरं आणि माश्या त्यांच्याकडं का जातात? जिवाणू म्हातारे होतात का? प्रतिजैविकं बनवणाऱ्या एका जिवाणूकुळात अजून किती औषधं दडलेली असतील? या शेवटच्या प्रश्नाचं गणिती उत्तर त्यांनी २००१ मध्ये दिलं: सुमारे एक लाखाच्या घरात. सापडली होती त्याच्या कितीतरी पट! जिवाणूंच्या म्हातारपणाचा निबंध २००६ चा. त्यात म्हटलं होतं की जिवाणूचं वार्धक्य अटळ नाही, परिस्थितीनुसार केलेली ती एक निवड असू शकते. या कामांत विद्यार्थ्यांची नावं सहलेखक म्हणून आहेत. तालुक्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्या माझ्या मित्रांना मी हे मुद्दाम सांगतो. वेडा राघू बघायला यंत्र लागत नाही.

मग मधुमेह. इथं पुण्याच्याच आणखी एका माणसाचं नाव घ्यावं लागेल. के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक. त्यांनी १९९० च्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. आपल्याकडचं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडातलं साडेतीन किलोचं. पण बाळ लहान असलं तरी त्याच्या अंगातली चरबी त्या प्रमाणात कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. म्हणजे बाळ दिसायला किरकोळ, पण आतून चरबीचं. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक छायाचित्र आलं. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन शेजारी उभे. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक एकच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आपले बारीक चणीचे लोक मधुमेही का होतात, याचं एक उत्तर त्या चित्रात होतं. हा आजार हावरटपणाची शिक्षा नाही, आईच्या पोटातल्या उपासमारीचाही त्यात हिशेब आहे, हे त्यामुळे समजू लागलं.

याज्ञिक आणि वाटवे यांनी २००७ मध्ये मिळून एक निबंध लिहिला. तोवर जगभर एक समजूत मान्य होती. जेम्स नील यांनी १९६२ मध्ये मांडलेली. पूर्वजांनी दुष्काळ सोसले. ज्यांच्या अंगात साठवणीची सवय होती ते तगले. आता सुबत्ता आली आणि तीच सवय नडते. बाहत्तरचा दुष्काळ पाहिलेल्या आमच्या भागात ही गोष्ट सांगितली तर लगेच माना डोलतील. वाटव्यांना ती अपुरी वाटली. त्यांनी वेगळा विचार मांडला. इन्शुलिनला स्नायू दाद देत नाहीत, त्याला बिघाड का म्हणायचं? कदाचित ती शरीरानं केलेली वाटणी असेल. स्नायूला साखर घ्यायला इन्शुलिन लागतं, मेंदूला बहुतांशी लागत नाही. तेव्हा स्नायूनं तोंड फिरवलं की साखर मेंदूच्या वाट्याला जास्त येते. जो प्राणी ताकदीवर जगतो त्याला स्नायू हवेत, जो डोक्यावर जगतो त्याला मेंदू. शिपाईगिरी सोडून मुत्सद्दी व्हायचं असेल तर शरीर आतली घडी बदलतं. थोडक्या काळासाठी ते उपयोगीच आहे. पण आपण जन्मभर मुत्सद्दी झालो, शिपायाचं काम पार बंद केलं, आणि घडी मोडली ती मोडलीच.

हाच विचार विस्तारून त्यांनी २०१२ मध्ये 'डव्ह्ज, डिप्लोमॅट्स अँड डायबेटिस' हे इंग्रजी पुस्तक लिहिलं. पारवे, मुत्सद्दी आणि मधुमेह! नाव वाचूनच मी ते हाती घेतलं होतं, हे सांगायला हरकत नाही. सगळं समजलं असा दावा नाही. पण एक मुद्दा मनात रुतला. नुसतं खाणं आणि वजन याकडं बोट दाखवून भागणार नाही. पळणं, झुंजणं, चढणं, झेपावणं, अंगावर येणाऱ्याला सामोरं जाणं, हे जे शरीराच्या अपेक्षेत होतं आणि आयुष्यातून गेलं, त्याची उणीव जीवनसत्त्वाच्या उणिवेसारखी मोजायला हवी.

माझे एक मामू इंदापूरच्या बाजारात हमाली करायचे. संध्याकाळी तालमीत. पन्नाशीपर्यंत त्यांना डोकेदुखीसुद्धा माहीत नव्हती. गुडघा गेला, हमाली सुटली, एका दुकानात गल्ल्याशेजारी बसायचं काम मिळालं. चार वर्षांत शुगर निघाली. वजन तेवढंच, जेवण उलट कमी. रमजानच्या महिन्यात तर अर्ध्या घरानं त्यांना खजुरावरून टोमणे मारले. एका माणसाच्या गोष्टीवरून सिद्धांत सिद्ध होत नाही, हे मला कळतं. गुडघा दुखल्यावर माणूस आणखीही अनेक गोष्टी गमावतो. पण ते पुस्तक वाचताना मामू आठवले आणि तो खजूर मला उगाच बदनाम झाल्यासारखा वाटला.

शास्त्रज्ञांमध्ये या सिद्धांताला सर्वमान्यता नाही, हेही सांगायला हवं. वाटव्यांचा पुढचा हल्ला तर पाठ्यपुस्तकाच्या मुळावरच आहे. इन्शुलिन कमी पडलं म्हणून उपाशीपोटीची साखर वाढते, असं आपण सगळे धरून चालतो. २०२० मध्ये आपल्या विद्यार्थिनीबरोबर लिहिलेल्या निबंधात त्यांनी जुने-नवे प्रयोग गोळा करून दाखवलं की इन्शुलिनचं काम दाबलं तर जेवणानंतरची साखर उतरायला वेळ लागतो, पण उपाशीपोटीची पातळी बहुतेक प्रयोगांत तिथंच येऊन थांबते. गाडी कुठं पोचणार हे एक कारण ठरवतं आणि तिला तिथवर नेतं ते दुसरं. आपण दुसऱ्याला पहिलं समजलो, असं त्यांचं म्हणणं. शिवाय ते मोठ्या चाचण्यांकडं बोट दाखवतात. अमेरिकेत दहा हजारांवर रुग्णांची 'अ‍ॅकॉर्ड' नावाची चाचणी झाली. औषधांनी साखर अगदी खाली आणली त्या गटात २५७ मृत्यू झाले, दुसऱ्या गटात २०३. २००८ मध्ये ते कडक उपचार मुदतीआधी थांबवावे लागले. आकडा खाली आला म्हणजे माणूस बरा झाला, असं नाही.

पण थांबा. इथं मी श्रोत्यांना हात जोडून विनंती करतो. हे ऐकून कुणी उद्या सकाळी गोळी बंद करू नका. साखर ताब्यात ठेवली तर डोळे आणि मूत्रपिंडं जास्त काळ शाबूत राहतात, हे १९९८ च्या ब्रिटिश चाचणीनं दाखवलं आहे, आणि ज्यांच्या शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही अशा मुलांना तर त्याच्याशिवाय जगता येत नाही. वाटव्यांचा वाद संशोधकांशी आहे. आपण आपल्या डॉक्टरांना प्रश्न विचारावेत, एवढंच. पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात त्यांनी वर्तनातल्या बदलांवर भर देणाऱ्या एका उपचारकेंद्राशी जोडून घेऊन कामही केलं. म्हणजे नुसतं पुस्तक लिहून ते थांबले नाहीत.

२०२३ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचा आकडा आला: देशात मधुमेही दहा कोटींच्या वर, आणि उंबरठ्यावर उभे असलेले आणखी साडेतेरा कोटी. एवढ्या लोकांना 'हावरट' म्हणून भागणार आहे का?

दरम्यान वाटवे पुण्याच्या आयसर या संस्थेत प्राध्यापक झाले आणि पुढं ते पद सोडून स्वतंत्रपणे काम करू लागले. त्या काळात त्यांनी हाती घेतलेला दुसरा विषय आमच्या बांधावरचा आहे.

ताडोबाच्या पश्चिम कडेच्या गावांत त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी शेतं मोजली. जंगलापासून जितकं जवळ तितकं उत्पन्न कमी, हे कुणीही सांगेल. त्यांनी किती कमी ते मोजलं, आणि सरकारी पंचनाम्यात ते का दिसत नाही हेही शोधलं. २०१६ मध्ये ते छापून आलं. नीलगाय कोवळं रोप कुरतडून जाते. रोप पुन्हा फुटतं. महिन्यानं पंचनाम्याला आलेल्या माणसाला शेत हिरवंगार दिसतं. दाणे मात्र भरत नाहीत. ते नुकसान कोणत्या रकान्यात लिहायचं? आणि त्याच्याही पलीकडचं एक नुकसान आहे. जनावर खाणारच, हे माहीत असलेला शेतकरी खत कमी घालतो, बी हलकं आणतो, राखणीला कंटाळतो, शेवटी एखादा तुकडा तसाच सोडून देतो. जे पेरलंच नाही, त्याचा पंचनामा कोण करणार? लोक त्याला आळशी म्हणतात. वाटव्यांनी गणितानं दाखवलं की हा आळस नाही. त्या परिस्थितीत शहाणा माणूस तेच करील.

बघा, मधुमेही हावरट आणि शेतकरी आळशी! दोन्हीकडं माणसाच्या स्वभावावर खापर फोडलं की पुढचा तपास करायला नको. मला हा प्राध्यापक आवडतो तो इथं. त्यानं दोन्ही ठिकाणी तपास केला.

उपायही सुचवला. नुकसान मोजूच नका, उत्पन्न मोजा. एका शिवारातल्या शेतकऱ्यांनी कापणीच्या वेळी शेजाऱ्यांसमोर आपलं उत्पन्न मोजायचं. जनावरांचा त्रास नसलेल्या भागातल्या उत्पन्नापेक्षा त्या शिवाराची सरासरी जेवढी कमी, तेवढी भरपाई सगळ्यांना. आणि त्या शिवारात ज्याचं पीक सरासरीपेक्षा जास्त, त्याला वर बक्षीस. म्हणजे खोटं कमी सांगितलं तर बक्षीस जातं; मेहनत केली तर भरपाई बुडत नाही. पंचनाम्याला येणाऱ्याचा चहा आणि त्याच्या मागची साखळी, दोन्ही वाचतात. ताडोबाजवळच्या गावांत हा प्रयोग करूनही पाहिला गेला. शेतकऱ्यांचा उत्साह वाढतो, असं त्यात दिसलं. हे सगळ्या महाराष्ट्रात चालेल का, पैसा कोण देईल, हे प्रश्न आहेतच.

आता आमच्याकडं या. आमचा माळ सरकारदरबारी वर्षानुवर्षं 'पडीक'च समजला गेला. पडीक म्हटलं की कुणालातरी तिथं काहीतरी करावंसं वाटतं. कुणी गिरिपुष्पाची झाडं लावतं, कुणाला कारखाना दिसतो, कुणाला प्लॉट. गवताला किंमत आहे हे मेंढपाळाला माहीत होतं. चिंकाऱ्याला आणि लांडग्याला तर माहीत आहेच. अलीकडं वन खात्यानं शिर्सुफळ आणि कडबनवाडीला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली, पुण्या-मुंबईचे लोक कॅमेरे घेऊन येतात, ही चांगली गोष्ट आहे. पण पाहुणा हरणाचा फोटो काढून जातो आणि हरीण रात्री ज्याच्या हरभऱ्यात उतरतं, तो तिथंच राहतो. त्याला हरीण परवडलं तरच माळ टिकेल.

वाटव्यांची योजना वाचताना माझ्या मनात आलं, आमच्या भागात ती निम्मी सोपी आहे. रानडुकरं उसात लपतात, ऊस मोडतात, आणि प्रत्येक शेतकऱ्याचा प्रत्येक टन कारखान्याच्या काट्यावर लिहिलेला असतो. (काट्यावर आमच्या लोकांचा किती विश्वास आहे, हा वेगळा विषय; त्यावर आकाशवाणी मला बोलू देणार नाही.) उत्पन्नाच्या नोंदी वर्षानुवर्षं तयारच आहेत. कोणत्या गटात एकरी किती टन पडला, माळाकडेच्या गटात किती कमी पडला, हे बारामतीच्या किंवा इंदापूरच्या कॉलेजातली चार मुलं एका उन्हाळ्यात मांडू शकतील.

अडचण दुसऱ्या निम्म्याची आहे. चिंकाऱ्याचा शेजार उसाला नाही, कालव्याच्या वरच्या कोरडवाहू रानाला आहे. तिथली ज्वारी, बाजरी, हरभरा कुठल्या काट्यावर जात नाही. थोडं घरात राहतं, थोडं आठवड्याच्या बाजारात, थोडं देण्याघेण्यात. तिथं मोजायचं तर खळ्यावरच मोजावं लागेल. मळणीयंत्र ज्या दिवशी येईल त्या दिवशी, चार शेजाऱ्यांना उभं करून, पोती मोजून वहीत लिहावी लागतील. पूर्वी खळ्यावर बलुतेदार उभे राहायचे, फकिराचाही सुपातला वाटा असायचा, तेव्हा कुणाचं किती पिकलं हे अख्ख्या गावाला माहीत असायचं. आता मळणी तासाभरात उरकते आणि पोती झाकून घरी जातात. येत्या सुगीत कडबनवाडीकडच्या दहा शेतकऱ्यांनी जरी वही ठेवायची ठरवली, तरी मी माझ्या गाडीवर पेन्सिल आणि तराजू घेऊन यायला तयार आहे.